ऐकलं म्हणजे नक्की काय मोजलं?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे गाळलेत. उरलेले गोड मानून घ्या.)

कुणी लोकलमध्ये ऐकत असेल, कुणी पीएमपीएमएलच्या बसमध्ये लटकून, कुणी भांडी घासता घासता. यातलं मला काहीच दिसत नाही. मला दिसतो एक डॅशबोर्ड आणि त्यावर एक आकडा, डाउनलोड्स. त्या आकड्याकडे बघून मी घरी सांगतो, “एवढ्या जणांनी ऐकलं बरं का.” या एका वाक्यात काय काय दडलंय, ते आज उकलायचंय. संज्ञापनशास्त्र, म्हणजे कम्युनिकेशन स्टडीज शिकणाऱ्यांना पहिल्याच वर्षी हे शिकवतात. आम्हा बीटेकवाल्यांना कुणी शिकवत नाही, आणि मग आम्हीच जगभरातले डॅशबोर्ड बनवतो!

तर डाउनलोड. कशाला डाउनलोड म्हणायचं याचे नियम ठरलेले आहेत. आयएबी नावाची डिजिटल जाहिरातवाल्यांची संस्था आहे. तिच्या मार्गदर्शक सूचना साधारण अशा: किमान एक मिनिट वाजेल एवढा ऑडिओ तुमच्या फोनकडे गेलेला हवा, आणि त्याच आयपी पत्त्यावरून, त्याच ॲपमधून चोवीस तासांत तोच एपिसोड पुन्हा मागितला गेला तर तो एकदाच धरायचा. नियम चांगला आहे, पण त्यात कानाचा उल्लेख कुठेच नाही. फाइल रात्री आपोआप उतरली, फोन उशाशी, तुम्ही घोरताय, डाउनलोड एक. हॉस्टेलच्या खोलीत पाच जणांनी स्पीकर लावून ऐकलं, तरी डाउनलोड एकच.

सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलनं आयओएस १७ आणलं आणि पॉडकास्ट ॲपच्या आपोआप डाउनलोड करण्याच्या पद्धतीत बदल केला. तुम्ही एखादा शो बराच काळ ऐकत नसाल, तर त्याचे एपिसोड गुपचूप उतरवत बसायचं नाही. झालं, अनेक मोठ्या शोंचे आकडे घसरले. ऐकणारे कुठे गेले नव्हते, फक्त जे कधी ऐकतच नव्हते ते मोजायचे बंद झाले. जाहिरातीचे पैसे त्या आकड्यावर ठरत असल्यामुळे ज्यांचं पोट या धंद्यावर आहे त्यांना मात्र खरा फटका बसला.

इथे पहिला महत्त्वाचा शब्द येतो. ‘ऐकणं’ ही संकल्पना आहे. ती डोक्यात असते, मोजता येत नाही. मोजायची तर आधी ठरवावं लागतं की अमुक घडलं तर त्याला आम्ही ‘ऐकणं’ म्हणू. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात, ऑपरेशनल डेफिनिशन. कोड लिहिणाऱ्यांनी याची कल्पना फंक्शनसारखी करावी. फंक्शनचं नाव आहे ‘ऐकलं का’, पण आत बघितलं तर फक्त ‘एक मिनिटाची फाइल गेली का’ एवढंच तपासलंय. नाव वाचून विश्वास ठेवणारे फसतात, आतला कोड वाचणारे वाचतात. संशोधनाचा कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आधी हेच शोधतो. ‘व्यसन’ लिहिलंय, ते कशावरून ठरवलं? ‘एंगेजमेंट’ लिहिलंय, म्हणजे लाइक, की शेअर, की नुसतं अंगठा थांबला?

मग दोन जुळे प्रश्न येतात, आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. एक, विश्वसनीयता: पुन्हा मोजलं तर तेच उत्तर येतं का? दुसरा, वैधता: जे मोजायचं होतं तेच मोजलं का? वाण्याच्या दुकानातला वजनकाटा घ्या. काटा मारणारा दुकानदार असेल तर त्याचा काटा दर किलोमागे रोज पन्नास ग्रॅम मारतो, न चुकता. अत्यंत विश्वसनीय काटा! वैधता मात्र शून्य. डाउनलोडचा आकडा याच जातीचा आहे. सर्व्हर दहा वेळा मोजेल, दहा वेळा तोच आकडा देईल, आणि त्या सातत्यामुळेच आपल्याला तो खरा वाटायला लागतो.

काटा सोडून माणसालाच विचारलं तर? “रोज किती वेळ फोन बघता?” वर्षानुवर्षं संशोधक हेच विचारत आले, कारण दुसरा मार्ग नव्हता. मग फोनमध्येच नोंद व्हायला लागली आणि तुलना करता आली. २०२१ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. लोकांनी सांगितलेला वापर आणि फोननं नोंदलेला वापर यांच्यातला सहसंबंध निघाला सुमारे ०.३८. तंतोतंत जुळलं तर १, काहीच संबंध नसेल तर ०. म्हणजे ओळख आहे, पण दोस्ती नाही. आता विचार करा, “स्क्रीनटाइममुळे मुलं अशी झाली, तशी झाली” या बातम्यांमागचे किती अभ्यास लोकांच्या अंदाजावर उभे असतील. बरं, हे खोटं बोलणं नव्हे. तुम्ही फोन दिवसात कितीदा उघडता हे तुम्हाला आठवतच नाही, जसं आज पापणी कितीदा लवली ते आठवत नाही. शिवाय ज्याला फोनबद्दल अपराधी वाटतं तो जास्त सांगण्याची शक्यता, ज्याला वाटत नाही तो कमी. म्हणजे चूकसुद्धा मनःस्थितीप्रमाणे वेगळी, आणि आपण तर मनःस्थितीशीच संबंध शोधायला निघालोय.

आकड्यांच्या जातीबद्दल थोडं, कारण ॲप बनवणारे इथे सर्रास गोंधळ घालतात. १९४६ मध्ये एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञानं मापनाच्या चार पातळ्या मांडल्या. नुसतं नाव देणारी, क्रम लावणारी, सारख्या अंतराची, आणि खरं शून्य असणारी. पिनकोड हा पहिल्या जातीचा. कोथरूडचा ४११०३८ आणि दादरचा ४०००२८, सरासरी ४०५५३३. त्या पत्त्यावर राखी पाठवून बघा! वय, मिनिटं, रुपये हे चौथ्या जातीचे, तिथे दुप्पट म्हणजे खरोखर दुप्पट. अडचण मधल्यांची आहे. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पाच पायऱ्यांची पट्टी तुम्ही शंभरदा भरली असेल. ती १९३२ मध्ये रेन्सिस लायकर्टनं रूढ केली. चार तारे हे दोन ताऱ्यांच्या दुप्पट नसतात. शिवाय आपल्याकडे डिलिव्हरीवाल्या दादाला चार तारे दिले तर त्याचं नुकसान होईल म्हणून आपण पाचच देतो. मग ४.७ म्हणजे चांगलं की वाईट, हे ज्याचं त्यानं ठरवावं. लायकर्टचा मूळ मुद्दा मात्र आपण विसरतो. एकाच प्रश्नावर विसंबायचं नाही, एकाच गोष्टीबद्दल अनेक प्रश्न विचारून त्यांची बेरीज करायची, म्हणजे एखाद्या प्रश्नातली चूक बाकीच्यांत विरते. ॲपवाले एक तारापट्टी लावतात आणि मोकळे होतात.

आता शब्दांकडे. समजा, आपल्याला तपासायचंय की मराठी व्हिडिओंखालच्या कॉमेंटमध्ये ट्रोलिंग किती. याला आशय-विश्लेषण म्हणतात, कंटेंट ॲनालिसिस. नियम लिहायचे, दोन माणसं बसवायची, दोघांनी स्वतंत्रपणे प्रत्येक कॉमेंटवर शिक्का मारायचा. “वा, काय दिवे लावलेत!” ही कॉमेंट कुठे टाकाल? शब्द सगळे गोड. एखादं भाबडं सॉफ्टवेअर याला आनंदी समजेल. मराठी माणूस ओळखेल, पण तोही ‘हे ट्रोलिंग की नुसता टोमणा’ यावर अडेल. म्हणून दोघांचं किती जुळतं ते मोजतात. आणि इथे एक छान सापळा आहे. समजा, दोघंही शंभरातल्या नव्वद कॉमेंटना ‘ट्रोलिंग नाही’ म्हणतात. मग कॉमेंट न वाचता, डोळे मिटून शिक्के मारले तरी दोघांचं जुळेल. किती? ०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१. म्हणजे ०.८२. ब्याऐंशी टक्के एकमत, एक अक्षर न वाचता! त्यामुळे कुणी छाती फुगवून “आमचं ८५ टक्के जुळलं” म्हणालं तर खरी कमाई तीन टक्क्यांची आहे, अठरापैकी तीन. जेकब कोहेननं १९६० मध्ये हाच हिशोब करून ‘कप्पा’ हे माप दिलं. आपल्या उदाहरणात कप्पा येतो सुमारे ०.१७, म्हणजे जवळजवळ नापास. मशीन लर्निंगवाल्या मित्रांनो, तुमच्या ‘९० टक्के ॲक्युरसी’लाही हेच लागू आहे, विसरू नका.

एवढी हत्यारं हातात आली की एका जुन्या प्रयोगाकडे जाऊ. मला तो फार आवडतो, आणि तो आपल्याच मातीत झालाय. १९५६ साल. अजून महाराष्ट्र राज्य झालेलं नाही, मुंबई राज्य आहे. प्रश्न असा की रेडिओनं खेड्यातल्या माणसाचं काही भलं होतं का, की नुसता करमणुकीचा डबा? कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे रेडिओ फोरम चालत होते. शेजारीपाजारी एकत्र जमायचे, कार्यक्रम ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायचे. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं तो प्रकार पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत करून बघायचं ठरवलं. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, ग्रामपंचायतीचे. गावातली वीसेक माणसं संध्याकाळी रेडिओभोवती जमायची, ऐकायची आणि सेट बंद झाला की बोलायची. चर्चेत निघालेले प्रश्न लिहून स्टेशनकडे पाठवायचे. आजच्या भाषेत, कॉमेंट सेक्शन पोस्टानं!

मोजायचं काम होतं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसकडे, आणि ते करणारा माणूस होता पॉल न्यूरॅथ. व्हिएन्नाचे विख्यात तत्त्वज्ञ ओटो न्यूरॅथ यांचा हा मुलगा. नाझींच्या डाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत पोचला, समाजशास्त्रज्ञ झाला, आणि मग आमच्या नगर-नाशिकच्या गावांत ‘रेडिओनं काय बदललं’ हे मोजायला आला. आयुष्य कुठून कुठे जातं बघा.

आता त्याची रचना बघा, खरी मजा तिथे आहे. भोळा मार्ग काय? कार्यक्रमाआधी गावकऱ्यांना प्रश्न विचारायचे, दहा आठवड्यांनी पुन्हा तेच विचारायचे, उत्तरं सुधारली की टाळ्या. पण त्या दहा आठवड्यांत ग्रामसेवक येऊन गेला असेल, गावात मेळावा झाला असेल. आणि सगळ्यात चोरटी गोष्ट अशी की तुम्ही पहिल्यांदा प्रश्न विचारलेत म्हणूनच माणूस घरी जाऊन त्याचं उत्तर शोधेल. शहाणा माणूस तेच करतो. म्हणजे मोजण्यानंच मोजायची वस्तू बदलली.

म्हणून न्यूरॅथनं फोरम नसलेली गावंही तुलनेला घेतली आणि तिथेही आधी-नंतर मुलाखती घेतल्या. त्यातही दोन प्रकार. काही गावांत रेडिओ होता पण फोरम नव्हता, काही गावांत रेडिओच नव्हता. हे दोन प्रकार कशाला? समजा, फक्त ‘फोरमची गावं’ आणि ‘रेडिओ नसलेली गावं’ यांची तुलना केली आणि फोरमवाले पुढे गेले, तर श्रेय कुणाचं? रेडिओचं की जमून बोलण्याचं? मधला प्रकार असल्याशिवाय हे सुटत नाही. ए/बी टेस्ट करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: एका रिलीजमध्ये दोन बदल एकदम टाकले की कशानं आकडा वाढला ते देवाला माहीत.

निकाल ठळक होता. फोरमच्या गावांत माहितीचे गुण भरपूर वाढले, आणि बाकीच्या गावांतली वाढ त्यापुढे अगदीच किरकोळ होती. नुसता डबा गावात असून भागलं नाही. ऐकून झाल्यावर आपसात बोलणं, हा जो तुकडा सरकारी योजनांत सहसा गाळला जातो, त्यानंच फरक पडलेला दिसला. पुढे १९५९ मध्ये ही कल्पना देशभर न्यायला सुरुवात झाली. म्हणजे त्या मुलाखतींवर एका देशाचा निर्णय उभा राहिला. म्हणूनच मी इतक्या बारकाईत शिरतोय.

प्रयोग आवडतो म्हणून शंका घ्यायच्या नाहीत असं थोडंच आहे? कागदावर दोन रकाने आणि दोन ओळी काढा. रेडिओ आहे, नाही. फोरम आहे, नाही. चार घरं झाली. न्यूरॅथनं तीन भरली. चौथं, म्हणजे ‘रेडिओ नाही पण फोरम आहे’, रिकामं आहे. वीस माणसं आठवड्यातून दोनदा जमून, रेडिओशिवाय, एखादं पत्रक वाचून याच विषयांवर बोलली असती तर? कदाचित तेवढंच शिकली असती. मग रेडिओ हे नुसतं जमायचं निमित्त ठरलं असतं. मला स्वतःला वाटतं की निमित्ताचीही किंमत असते, भजनी मंडळाला पेटी लागतेच. पण वाटणं वेगळं आणि त्या रिकाम्या घरातला आकडा वेगळा.

दुसरी शंका निवडीची. फोरममध्ये बसायला कोण तयार होतो? ज्याला मुळातच शिकायची हौस आहे तो. अशा माणसाची तुलना गावातल्या कुणाही माणसाशी केली तर हौसेचा परिणाम फोरमच्या नावावर जमा होऊ शकतो. यावर उपाय म्हणजे यादृच्छिक वाटणी, चिठ्ठ्या टाकून ठरवणं की फोरम कुणाला मिळेल. आणि तिसरी, वैधतेचीच. मोजली मुख्यतः माहिती. बियाणं कसं निवडावं हे माहीत असणं आणि तसं निवडणं यात हंगामाचं अंतर आहे, आणि सावकाराचंही. न्यूरॅथला याची जाण होती असं दिसतं, कारण त्यानं गुणांवर थांबायच्या ऐवजी फोरम प्रत्यक्ष कसे चालतात, गावात त्यातून काय हालचाल होते, याचीही निरीक्षणं नोंदवली. संख्या आणि निरीक्षण दोन्ही. हल्ली लोक या दोन पद्धतींच्या छावण्या करून भांडतात, मला ते भांडण कधी कळलं नाही.

चिठ्ठ्या टाकता येत नाहीत तिथे काय? पोरांपैकी निम्म्यांना पाच वर्षं फोन द्या आणि निम्म्यांना देऊ नका, असा प्रयोग कुठलीही आई होऊ देणार नाही. मग उरतो सहसंबंध. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी काही मोठ्या सर्वेक्षणांची माहिती घेऊन, एकाच माहितीचं विश्लेषण शक्य तितक्या सगळ्या वाजवी पद्धतींनी करून बघितलं. किशोरवयीनांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी डिजिटल तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येणारा भाग निघाला जास्तीत जास्त ०.४ टक्के. तुलनेसाठी त्यांनी बटाटे खाण्याशी असलेला संबंधही काढला, तोही जवळपास तेवढाच भरला! याचा अर्थ फोन निर्धोक आहे असा काढू नका. सरासरीत एखाद्या पोराचं खरं दुखणं लपू शकतं, आणि मघाशी बोललो तसं, वापराचा आकडा मुलांनी अंदाजानं सांगितलेला असतो. सदोष मापानं संबंध साधारणपणे फिका दिसतो. मात्र “फोननं पिढी बरबाद झाली” असं ठामपणे म्हणणाऱ्या काकांकडे यापेक्षा चांगला पुरावा नाही, हेही तितकंच खरं.

नमुन्याबद्दल एकच गोष्ट, ती बहुतेकांनी ऐकलेली असेल. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं एक कोटी मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं, आणि रूझवेल्टनं अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यं मारली. पत्ते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतलेले, मंदीच्या काळात. आणि उत्तर पाठवायची तसदी घेणारेही विशिष्टच. जॉर्ज गॅलपनं त्याहून खूपच लहान पण नीट निवडलेल्या नमुन्यावर विजेता बरोबर ओळखला. पुढच्या वेळी कुणी इन्स्टाग्राम स्टोरीवरच्या पोलचा स्क्रीनशॉट ‘जनतेचा कौल’ म्हणून पाठवला की त्याला १९३६ एवढंच लिहून पाठवा.

आता एक घरचा अभ्यास. एपिसोड थांबवा. काल तुम्ही फोन किती मिनिटं वापरलात आणि कितीदा अनलॉक केलात, याचा अंदाज कागदावर लिहा. कागदावरच, नाहीतर डोकं नंतर हळूच आकडा बदलतं. मग सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल वेलबीइंग किंवा स्क्रीन टाइम उघडा आणि खरी नोंद बघा. ती ‘खरी’ नोंदही तपासा. गाणी ऐकताना स्क्रीन बंद होती, ते धरलंय का? मॅप लावून गाडी चालवलीत, तो वेळ धरलाय का? घरच्या एखाद्या माणसाचं यूट्यूब तुमच्या फोनवर चालू होतं का?

दोन्ही आकडे मला कळवा, अंदाजाचा आणि नोंदीचा. मी पुढच्या भागात वाचून दाखवीन. सरासरी मात्र काढून सांगणार नाही, कारण आकडे कळवणारे तुम्ही सगळे स्वतःहून कळवणारे आहात. भेटू पुढच्या रविवारी.